पुन्हा पहिल्यापासून

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट आहे. सांगावी की नाही याचा मी बरेच दिवस विचार करत होते. पंचेचाळिशीची बाई, उर्दू शाळेत मराठी शिकवणारी, रात्री साडेअकराला लेकाच्या खोलीत जमिनीवर मांडी घालून व्हिडिओ गेम खेळतेय आणि हरल्यावर रडकुंडीला येतेय, हे काही फार अभिमानानं सांगण्यासारखं नाही. पण त्या पंधरा-वीस दिवसांत मला माझ्याच कामाबद्दल जे कळलं ते बी.एड.च्या वर्षात कळलं नव्हतं. म्हणून लिहिते.

सुरुवात मात्र बरीच मागून करावी लागेल.

आमच्या घरात पहिला व्हिडिओ गेम आला तो १९९३ साली, अब्बांच्या बॅगेतून. कोकणातल्या मुसलमान घरांना या बॅगेबद्दल वेगळं सांगायला नको. राजिवडा असो नाहीतर कोकणनगर, कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी तेव्हा कुवेत, दुबई, सौदी नाहीतर जहाजावर असायचं. बॅग उघडायचा दिवस ईदसारखा. टँगचा डबा, निडोची पावडर, टायगर बाम, साबणाच्या वड्या, अम्मीसाठी कापडाचे पीस, शेजारपाजारी वाटायला अत्तराच्या छोट्या बाटल्या. त्या वर्षी सगळ्यात खाली टॉवेलात गुंडाळलेलं एक खोकं होतं.

आम्ही त्याला ‘टीव्ही गेम’ म्हणायचो. हातात धरायच्या यंत्राला ‘रिमोट’ आणि खेळाच्या प्लास्टिकच्या डबीला ‘कॅसेट’. अँटेनाची वायर काढून तिथं गेमची वायर लावायची आणि बटण फिरवत बसायचं, टीव्हीवरच्या मुंग्या जाऊन चित्र दिसेपर्यंत. कॅसेट लागली नाही की काढून तिच्यात फुंकर मारायची. फुंकरीनं खरंच काही होत होतं की काढून परत बसवल्यानं होत होतं, अल्लाह जाणे. पण तुमच्यापैकी ज्यांचं बालपण त्या काळातलं आहे, त्या सगळ्यांनी ती फुंकर मारलेली असणार.

मूळ यंत्र जपानच्या निन्टेन्डो कंपनीचं, ‘फॅमिकॉम’ नावाचं, १९८३ सालचं. आमच्याकडे आलं ते त्याची नक्कल. तैवान, हाँगकाँग, चीनकडच्या अशा नकला आखाताच्या बाजारात भरपूर मिळत. आपल्याकडेही समुराई, मीडिया अशा नावांनी तसलीच यंत्रं विकली जात होती. कॅसेटवर लिहिलेलं असायचं की आत नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ आहेत. प्रत्यक्षात पाच-सात खेळ आणि तेच पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या नावांनी. कॉन्ट्रा, रणगाड्यांचा खेळ आणि या सगळ्यांचा बादशहा, सुपर मारिओ.

मारिओ १९८५ सालचा. शिगेरु मियामोतो आणि ताकाशी तेझुका या दोघांनी निन्टेन्डोमध्ये बसून तो रचला. एक मिशीवाला प्लंबर डावीकडून उजवीकडे पळतो, खड्डे ओलांडतो, कासवांवर उड्या मारतो. आठ जगं, प्रत्येक जगात चार टप्पे, असे बत्तीस टप्पे. संपूर्ण खेळ अवघ्या ४० किलोबाइटमध्ये मावलेला. आज आपण व्हॉट्सॲपवर पाठवतो तो ‘जुम्मा मुबारक’चा एक फोटोसुद्धा बहुधा त्याहून जड असतो. जागा इतकी कमी होती की आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग वेगळा. हे मला यंदा लेकानं दाखवलं. तीस वर्षं ते माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलं नव्हतं.

दोघांनी खेळायचं तर पहिला मारिओ आणि दुसरा लुईजी. भाई माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, त्यामुळे तो अर्थातच मारिओ. नियम असा की मारिओ मेला की लुईजीची पाळी. म्हणजे मी हातात रिमोट धरून मनात सख्खा भाऊ मरायची दुआ करत बसायचे. तो दहा-दहा मिनिटं मरत नसे. मग एकदाचा मरायचा, माझी पाळी यायची, आणि मी पहिल्याच खड्ड्यात जायचे. वीस-पंचवीस सेकंदांत खेळ खलास. परत दहा मिनिटं वाट पाहायची.

तेव्हा मला वाटायचं की भाईला येतं आणि मला येत नाही. आता शिक्षिका म्हणून विचार करते तेव्हा वेगळंच दिसतं. ज्याला येतं त्यालाच जास्त वेळ खेळायला मिळत होतं. तासाभरातली पंचावन्न मिनिटं त्याची आणि पाच मिनिटं माझी. मग तो पुढे जाणारच. वर्गातही असंच चालतं. ज्याचा हात वर असतो त्याला आपण विचारतो, त्याचाच सराव होतो, आणि शेवटच्या बाकावरचा लुईजी आपली पाळी कधी येते याची वाट पाहत वर्षं काढतो.

त्या खेळात ‘सेव्ह’ हा प्रकारच नव्हता. यंत्र बंद केलं की सगळं गेलं. एकदा भाई आठव्या जगात पोहोचला. बाहेर आषाढातला पाऊस, खोलीत गल्लीतली सात-आठ पोरं दाटीवाटीनं बसलेली, कुणी श्वास घेईना. आणि लाइट गेली. रत्नागिरीच्या पावसाळ्यात लाइट जाते यात नवल काय? पण त्या काळोखात भाई जो ओरडला तो मला अजून आठवतो. अब्बा दारातल्या खुर्चीवर बसले होते. ते हसले आणि म्हणाले, “काय रे, पुन्हा पहिल्यापासून?”

भाईनं रिमोट भिंतीवर मारला. त्याबद्दल मार खाल्ला. आणि दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर खरंच पहिल्यापासून सुरुवात केली.

आता तीस वर्षं पुढे येते. माझा मुलगा अकरावीत आहे, सायन्सला. दिवाळीआधीच्या चाचणीत त्याला भौतिकशास्त्रात पंचवीसपैकी सात मार्क पडले. दहावीपर्यंत चांगले मार्क मिळवणारा मुलगा. दोन दिवस जेवला नाही नीट. मी समजवायला गेले तर म्हणाला, “अम्मी, मला नाही जमणार हे. माझं डोकंच नाही त्यातलं.” पुस्तक मिटलं ते मिटलंच.

त्याच रात्री पाणी प्यायला उठले तर त्याच्या खोलीत उजेड. कानाला हेडफोन लावून खेळत बसला होता. मी दारात उभी राहिले, त्याला पत्ता नाही. पडद्यावर लाल केसांची एक छोटीशी मुलगी, आमच्या मारिओसारखीच चौकोनी ठिपक्यांची. ती उडी मारायची, काट्यांवर पडायची, फुटायची. पुन्हा उभी. पुन्हा उडी, पुन्हा काटे. मी मोजायला लागले. माझ्या डोळ्यांदेखत ती बेचाळीस वेळा मेली आणि त्रेचाळिसाव्यांदा पलीकडे गेली. मुलगा हसला, मान मोडली, आणि पुढच्या पडद्यावर पुन्हा मरायला लागला.

मला राग आला. तसाच प्रश्नही पडला. जो पोरगा एका चाचणीत पडल्यावर ‘माझं डोकं नाही’ म्हणतो, तो इथं बेचाळीस वेळा पडून हसतो कसा?

दुसऱ्या दिवशी मी त्याला ओरडले नाही. म्हटलं, “मला शिकव.” त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी वरातीत नाचते म्हटलं असतं तरी कमी आश्चर्य वाटलं असतं.

खेळाचं नाव ‘सेलेस्ट’. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी २०१६ मध्ये आधी चार दिवसांत त्याचा छोटा नमुना केला आणि पूर्ण खेळ २०१८ च्या जानेवारीत आला. मॅडेलिन नावाची मुलगी एक डोंगर चढते, एवढीच गोष्ट. तिला उडी मारता येते, भिंत थोडा वेळ पकडून ठेवता येते, आणि हवेत एकदा झेप घेता येते. झेप वापरली की केस निळे होतात, जमिनीला पाय लागले की पुन्हा लाल. मुलगी धीट नाही. तिला मधेच धाप लागते, छातीत भीती दाटते, आणि तिच्यातूनच निघालेली दुसरी एक मॅडेलिन तिला सांगत राहते की तुझ्यानं हे होणार नाही. हा भाग पाहताना मी हळूच लेकाकडे पाहिलं. तो पडद्याकडे पाहत होता.

आता माझी प्रगती ऐका. पहिल्या दिवशी मला उडी आणि झेप ही दोन बटणं एकामागोमाग दाबता येईनात. मेंदू सांगायचा वर, अंगठा जायचा खाली. घाबरले की सगळी बटणं एकदम दाबायची. मुलगा शेजारी बसून “अम्मी, आत्ता! आत्ता! नाही गं, आधी!” असं म्हणायचा. तिसऱ्या दिवशी त्याचा आवाज चढला. “किती सोपं आहे हे, तुला दिसत कसं नाही?” म्हणाला.

हे वाक्य माझं आहे. वर्गात मी ते किती वेळा म्हटलं असेल त्याची गणती नाही.

चौथ्या दिवशी चुलीवर, म्हणजे गॅसवर, डाळ लागली. वास येत होता, पण मी एकाच पडद्यावर पाऊण तास अडकले होते आणि उठवत नव्हतं. शेवटी कंट्रोलर गादीवर आपटला आणि उठले. हात थरथरत होते. राग कुणाचा होता तेही कळेना. मुलाचा? खेळाचा? माझ्या अंगठ्यांचा? या वयात एखादी गोष्ट अजिबात न येणं कसं असतं हे मी विसरून गेले होते. आपण मोठी माणसं जे येतं तेवढंच करत जगतो. मुलांना मात्र रोज सहा-सात तास, न येणाऱ्या गोष्टी चारचौघांसमोर करून दाखवाव्या लागतात.

पहिला डोंगरटप्पा संपला तेव्हा खेळानं हिशोब दाखवला. कवटीचं चित्र आणि त्यापुढे आकडा. तीनशे बारा. मी तीनशे बारा वेळा मेले होते. मुलगा म्हणाला, “काही नाही, माझे सगळे मिळून अठराशेच्या वर आहेत.” आणि हे तो असं म्हणाला, जसं कुणी ‘मला नव्वद टक्के पडले’ म्हणतं.

तिथं मला पहिल्यांदा थोडंसं उमगलं. पुढचे काही दिवस मी खेळण्याइतकाच विचारही केला. तो असा.

जुने खेळ अवघड होते त्याला कारणं होती. एक कारण नाण्याचं. हे खेळ आधी पार्लरमधल्या मोठ्या यंत्रांवर वाढले. सुट्टीत मुंबईला मामूंकडे गेलो की भाई नाक्यावरच्या पार्लरमध्ये जायचा आणि ‘मुस्तफा’ खेळायचा. खेळाचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’, जपानच्या कॅपकॉम कंपनीचा, १९९३ सालचा. पण त्यात मुस्तफा कैरो नावाचा एक नायक आहे, म्हणून सगळ्या हिंदुस्थानातली पोरं त्या खेळालाच मुस्तफा म्हणत. आमच्या पोरांना तर तो नायक घरचाच वाटायचा. तर, एक रुपया टाकला की खेळ सुरू. तुम्ही लवकर मेलात की मालकाला दुसरा रुपया. म्हणजे मरण हाच धंदा. दुसरं कारण जागेचं. चाळीस किलोबाइटचा खेळ सरळ खेळून गेलात तर एका दुपारी संपेल. तो महिनोन्‌महिने पुरवायचा तर मरणं महाग करायला हवं. तीनच जीव द्यायचे, आणि ते संपले की पहिल्यापासून.

निन्टेन्डोनं १९८६ मध्ये जपानात मारिओचा दुसरा भाग काढला. त्यात एक विषारी मशरूम आहे, ताकद देणाऱ्या मशरूमसारखाच दिसणारा. खाल्ला की मेलात. तो भाग अमेरिकेतल्या मुलांना फार जड जाईल म्हणून तिकडे पाठवलाच नाही, दुसराच खेळ त्या नावानं पाठवला. पुढे २००७ मध्ये एका तरुणानं ‘आय वॉना बी द गाय’ नावाचा खेळ काढला, तो तर निव्वळ थट्टा. झाडाखालून जावं तर फळ डोक्यात पडून मरता, आणि झाडावरून उडी मारून जावं तर तेच फळ वर उडून लागतं. लेकानं तोही दाखवला. मी हसले, पण मला काही चाचण्यांचे पेपर आठवले. मूल काय शिकलंय हे पाहण्यापेक्षा त्याला पकडायचं कसं, हेच डोक्यात ठेवून काढलेले. काही मीही काढलेत.

सेलेस्टसारखे नवे खेळ जुन्यांपेक्षा सोपे आहेत असं समजू नका. मारिओचा आठवा टप्पा परवडला, असे पडदे त्यात आहेत. दिसायलाही ते मुद्दाम जुन्यासारखे केलेले, चौकोनी ठिपक्यांचे. मग बदललं काय? मरणाची किंमत. मेलात की एका सेकंदात त्याच पडद्याच्या सुरुवातीला उभे. जीव मोजलेले नाहीत. मागे केलेलं काही जात नाही. लाइट गेली तरी नाही, कारण खेळ आपोआप जपून ठेवतो. आणि आणखी एक गोष्ट मुलानं सांगितली तेव्हा मला फार आवडली. कड्यावरून पाऊल सुटल्यावर उडीचं बटण एक क्षणभर उशिरा दाबलं तरी हा खेळ ती उडी मान्य करतो. उडी मारताना डोकं कोपऱ्याला जरासं लागलं तर तो मुलीला हळूच बाजूला सरकवून वर जाऊ देतो. खेळणाऱ्याला हे कळतही नाही. त्याला वाटतं, मीच जमवलं. चांगला शिक्षक तोंडी परीक्षेत पहिलं अक्षर स्वतः पुटपुटतो, तसंच हे.

बी.एड.ला आम्हाला थॉर्नडाइकची ‘प्रयत्न-प्रमाद’ उपपत्ती होती. १८९८ मध्ये त्यानं मांजरांना पेटीत कोंडून केलेले प्रयोग. बाहेर मासा ठेवलेला, आत भुकेलं मांजर. ते ओरबाडतं, धडका देतं, कधीतरी चुकून दोरी ओढली जाते आणि दार उघडतं. पुन्हा कोंडलं की थोडं लवकर बाहेर येतं, पुन्हा आणखी लवकर. त्यातून तयारीचा नियम, सरावाचा नियम, परिणामाचा नियम. मी हे पाठ करून चांगले मार्क मिळवले होते. (आमच्या मिरकरवाड्याच्या मांजरांना पेटीतून बाहेर यायची गरजच नाही, मासे दारात मिळतात, असा विनोद मी तेव्हा मैत्रिणीच्या कानात केला होता.) पण एक गोष्ट मी कधी पाहिलीच नव्हती. त्या मांजराला प्रत्येक चुकलेल्या प्रयत्नानंतर कुणी लाल शेरा देत नव्हतं. त्याच्या चुका भिंतीवर लावत नव्हतं. शेजारच्या पेटीतलं मांजर कधीच बाहेर आलं, असं त्याला ऐकवत नव्हतं.

मुलाला सात मार्क पडले आणि पुस्तक मिटलं, कारण तो प्रयत्न शेवटचा होता. चाचणी संपली, पेपर गठ्ठ्यात गेला, आकडा नावापुढे चढला. आता त्यानं ती गणितं सोडवली काय आणि नाही सोडवली काय, सात ते सातच. खेळात मेल्यावर पुढचा प्रयत्न एका सेकंदावर असतो, इथं तीन महिन्यांवर. अवघडपणानं मुलं मोडत नाहीत, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. बेचाळीस वेळा काट्यांवर पडणारा मुलगा अवघडाला भीत नाही. तो भितो ते कायमच्या आकड्याला, आणि चारचौघांत त्या आकड्यासकट उभं राहण्याला.

शिक्षणखात्यालाही हे थोडंफार कळलंय असं म्हणायला जागा आहे. आमच्या वेळी दहावीत नापास झालेला ऑक्टोबरची वाट पाहायचा आणि त्याचं वर्ष जायचं. वर्ष गेलं की आमच्या मोहल्ल्यात मुलगा बोटीवर आणि मुलगी लग्नाच्या मांडवात. २०१५ पासून जुलैमध्येच फेरपरीक्षा घ्यायला लागले, आणि तीत पास झालेला त्याच वर्षी अकरावीला बसू शकतो. पेपर सोपा केला नाही, फक्त मधलं अंतर कमी केलं. त्यानं वाचलेली मुलं माझ्या माहितीतली आहेत.

सुट्टी संपली. मी मराठी शिकवते ती मुलं घरी आणि शाळेत उर्दू वाचतात. उर्दू उजवीकडून डावीकडे, मराठी डावीकडून उजवीकडे. उर्दूत जेर-जबर बहुतेक वेळा लिहीतच नाहीत, वाचणारा समजून घेतो. मराठीत प्रत्येक काना-मात्रा लिहावीच लागते. त्यामुळे ही मुलं ‘पुस्तक’ ऐकतात आणि ‘पसतक’ लिहितात. ती आळशी नाहीत, त्यांच्या सवयीच्या लिपीत ते बरोबरच आहे. त्यात पहिली वेलांटी हा तर खास विषारी मशरूम. उच्चार अक्षरानंतर आणि लिहायची अक्षराआधी! सहावीतला एक मुलगा आहे, वडील मासेमारीच्या बोटीवर. श्रुतलेखनात त्याला पंचवीसपैकी चार-पाच. वही लाल रंगानं भरलेली, आणि तो लाल रंग माझा.

मी पद्धत बदलली. पंचवीस शब्दांच्या ऐवजी पाच शब्द. लिहायचे, लगेच फळ्यावर पाहायचे, चुकला तो खोडायचा आणि तिथंच पुन्हा लिहायचा. पाचही बरोबर आले की पुढचे पाच. मार्क नाहीत. फक्त समासात, किती प्रयत्न लागले तो आकडा स्वतःच टाकायचा. आणि प्रयत्न जास्त लागले तर कुणी हसायचं नाही, कारण टीचरला एका खेळात तीनशे बारा लागले होते. हे ऐकून वर्ग दहा मिनिटं शांत होईना. मी कुठला खेळ खेळते हे आता साऱ्या गावाला माहीत आहे.

दोन आठवड्यांनी तो मुलगा वही घेऊन आला आणि म्हणाला, “टीचर, आज माझे चौदा झाले.” अभिमानानं. मागच्या वेळी विसाच्या वर होते.

चमत्कार झाला असं मी सांगणार नाही. पुढच्या चाचणीत पुन्हा सलग पंचवीस शब्द घातले तेव्हा त्याला अकरा आले. वेलांटी अजून अडते. पण त्यानं चुकलेला शब्द खोडून, त्याच पेपरवर, न सांगता, खाली पुन्हा लिहिला होता. त्याला मार्क नव्हते हे त्याला माहीत होतं.

या खेळांचं मी कौतुक करतेय म्हणून पालकांनी माझ्यावर रागावू नये. रात्री दोनपर्यंत जागणं चांगलं नाही, लागलेली डाळ चांगली नाही, आणि ‘एकदाच, शेवटचं’ म्हणत तास कसे जातात ते मी स्वतः पाहिलंय. खेळात मुलगा आपल्या मर्जीनं डोंगर चढतो, भौतिकशास्त्र मात्र त्याला नेमून दिलेलं असतं, हाही फरक मोठा आहे. आणि आयुष्य काही प्रत्येक पडद्याला जपून ठेवत नाही.

अब्बांचं पाहा. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकची फौज कुवेतमध्ये शिरली तेव्हा ते तिथं होते. बारा वर्षांची कमाई, पगाराची थकबाकी, खोलीतलं सामान सगळं तिथंच राहिलं. बगदादमार्गे अम्मानपर्यंत कसेबसे पोहोचले आणि तिथून विमानानं मुंबई. त्या दोन महिन्यांत सरकारनं एक लाख सत्तर हजारांच्या आसपास हिंदुस्थानी माणसं अशी परत आणली, त्यांतले एक. घरी आले तेव्हा हातात एक पिशवी होती. मी अकरा वर्षांची होते. बॅग कुठंय, असं मी विचारलं होतं, याची मला आजही लाज वाटते. दोन वर्षं इथं मिळेल ते काम केलं आणि १९९२ मध्ये पुन्हा कुवेतला गेले. नवा मालक, सुरुवातीचा पगार. ती १९९३ ची बॅग त्यानंतरची पहिली.

तेव्हा लाइट गेल्यावर ते “पुन्हा पहिल्यापासून?” म्हणून हसले होते, ते भाईला चिडवायला असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. ते आता नाहीत, विचारता येत नाही.

मुलाचं काय झालं, ते राहिलं. मी त्याला भौतिकशास्त्राचं काही सांगू शकत नाही, मला येत नाही. पण तो चाचणीचा पेपर त्यानं परत काढला. रोज रात्री एक गणित, जमेपर्यंत, आणि शेजारी प्रयत्नांचा आकडा. एकावर सतरा लिहिलेत. पुढच्या परीक्षेत किती पडतील ते पाहू. मी सध्या तिसऱ्या डोंगरटप्प्यावर आहे. भाईला दोह्याला फोन करून सांगितलं तर खूप हसला. म्हणाला, “लुईजी अजून खेळतेय?”

खेळतेय, म्हटलं. आता तुझ्या मरायची वाट पाहावी लागत नाही.